छेद तपासा: औषधी वनस्पतींचे अर्क यीस्टवर तपासताना

वनस्पतीचा अर्क जनुकांना इजा करतो का, हे यीस्टवर तपासलं की शेवटी हाती येतो एक अपूर्णांक. अंशात बदललेल्या पेशींच्या कॉलन्या, छेदात जगलेल्या पेशींची संख्या. लोक अंश मोजायला खूप जपतात. छेद मात्र आपोआप बरोबर आहे असं धरून चालतात, आणि वनस्पती-अर्काच्या बाबतीत घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो. शुद्ध रसायन तपासताना हे फारसं जाणवत नाही. अर्कात टॅनिन, सॅपोनिन, साखर, अमिनो आम्लं, रंगद्रव्यं, सेंद्रिय आम्लं असं सगळं एकत्र असतं आणि त्यातला प्रत्येक घटक चाचणीच्या वेगळ्या पायरीवर हात मारतो.

यीस्ट म्हणजे इथे सॅकॅरोमायसीस सेरेव्हिसी. केंद्रक असलेली पेशी, १६ गुणसूत्रं, साधारण १ कोटी २० लाख बेसजोड्या, आणि १९९६ पासून पूर्ण जनुकक्रम उपलब्ध. चांगल्या माध्यमात दीड तासात दुप्पट होते. डीएनए दुरुस्तीची तिची यंत्रणा माणसाच्या पेशीशी बरीच जुळते, आणि गुणसूत्रांमधली अदलाबदल तिच्यात थेट डोळ्यांनी दिसते. जिवाणूंवरच्या एम्स चाचणीत ही सोय नाही.

या कामात सर्वांत उपयोगी पडणारा वाण म्हणजे डी७, झिमरमन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेला. हा द्विगुणित वाण एकाच प्रयोगात तीन गोष्टी दाखवतो. ट्रिप५ या जनुकाच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी बिघडलेल्या आहेत. त्यांच्यात जीन कन्व्हर्जन झालं, म्हणजे एका प्रतीचा तुकडा दुसरीत नकलून आला, की पेशी ट्रिप्टोफॅनशिवाय वाढू लागते. आयएलव्ही१ च्या दोन्ही प्रतींत एकच बिघाड आहे, तो उलटला (याला रिव्हर्जन म्हणतात) की आयसोल्युसिनशिवाय वाढ होते. तिसरं जनुक एडीई२. त्याच्या दोन वेगळ्या बिघडलेल्या प्रती एकमेकींची उणीव भरून काढतात, म्हणून कॉलनी पांढरी दिसते. पेशीविभाजनाच्या वेळी क्रॉसिंग ओव्हर, म्हणजे जोडीतल्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल, झालं की एका कन्यापेशीत एकाच प्रकारच्या दोन प्रती जातात आणि ती गडद लाल होते, दुसरी गुलाबी. अर्धी लाल, अर्धी गुलाबी अशी जुळी कॉलनी दिसली की अदलाबदलीचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नको.

वाण आला म्हणून लगेच कामाला लागू नये. डी७ च्या साठ्यात आपोआप कन्व्हर्जन होत राहतं. वाढीच्या सुरुवातीलाच एखादी पेशी बदलली तर त्या नळीत बदललेल्या पेशींचा ढीग साचतो. १९४३ मध्ये लुरिया आणि डेलब्रुक यांनी जिवाणूंत दाखवलेली हीच गोष्ट. म्हणून आठ-दहा वेगळ्या पांढऱ्या कॉलन्यांपासून वेगवेगळ्या नळ्या वाढवा, प्रत्येकीतला आपोआप होणारा दर मोजा आणि ज्या नळीत तो सर्वांत कमी आहे तिचे २० टक्के ग्लिसरॉलमध्ये छोटे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा. प्रत्येक प्रयोगाला नवा भाग. एकच तिरपी नळी महिनोन्‌महिने पुढे पुढे लावत राहिलात तर नियंत्रण, म्हणजे अर्क न दिलेल्या, प्लेटवरच इतक्या कॉलन्या येतील की अर्काचा परिणाम त्यात बुडून जाईल. चांगल्या साठ्यात कन्व्हर्जन १ लाख पेशींमागे एकाच्या आसपास आणि रिव्हर्जन १० लाखांमागे दोन-चार, असा अंदाज धरावा.

आता वनस्पतीकडे. ओळख पटवल्याशिवाय पुढे काहीही करण्यात अर्थ नाही. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वजन कमी करण्याच्या गोळ्यांत स्टेफानिया टेट्रान्ड्राच्या जागी ॲरिस्टोलोकिया फांगची गेली आणि शंभरहून अधिक लोकांची मूत्रपिंडं निकामी होत गेली. त्यांच्यापैकी अनेकांना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. ॲरिस्टोलोकिक आम्ल डीएनएला चिकटतं आणि एटी जोडीच्या जागी टीए आणतं. नावाच्या साम्यातून झालेला हा घोटाळा होता. म्हणून फूल किंवा फळासह नमुना जतन करा, वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळख करून घ्या, नमुना क्रमांक नोंदवा. कोणता भाग, कोणत्या महिन्यात, कोणत्या अवस्थेत तोडला, हेही लिहा.

वाळवणं सावलीत, ४० अंशांच्या आत. ओलसर राहिलेल्या मुळांवर बुरशी येते, आणि ती ॲस्परजिलस फ्लेव्हस असेल तर अर्कात ॲफ्लाटॉक्सिन उतरू शकतं. ते यकृताच्या एन्झाइमांनी सक्रिय झाल्यावर जबर उत्परिवर्तक, म्हणजे जनुकांत बदल घडवणारं, ठरतं. मग एस९, म्हणजे यकृताचा एन्झाइमयुक्त द्रव, घातल्यावर उत्तर होकारार्थी येतं आणि दोष बिचाऱ्या वनस्पतीवर जातो. असं उत्तर आलं की ॲफ्लाटॉक्सिन आणि जड धातूंची तपासणी झाल्याशिवाय पुढचं वाक्य लिहू नये.

अर्क काढताना १०० ग्रॅम भुकटीला १ लिटर ७० टक्के इथेनॉल, ७२ तास, मधूनमधून हलवत. आधी कापडातून, मग व्हॉटमन क्रमांक १ मधून गाळा, रोटरी बाष्पकात ४० अंशांखाली इथेनॉल उडवा, उरलेलं पाणी गोठवून वाळवा. किती भुकटीतून किती अर्क मिळाला हे टक्क्यांत लिहिलं नाही तर लोक घेतात त्या मात्रेशी तुमच्या मात्रेची तुलना करता येत नाही. लोक काढाच घेत असतील तर काढाच तपासायला हवा. हेक्झेनचा अर्क तपासून काढ्याबद्दल निष्कर्ष काढणं मला अजिबात पटत नाही, तरी ते सर्रास केलं जातं.

पाण्यात न विरघळणाऱ्या अर्कासाठी डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) हा द्रावक. १ मिलिलिटरमध्ये ५०० मिलिग्रॅमचा साठा केला आणि उपचाराच्या मिश्रणात तो १ टक्का घेतला की अखेरची मात्रा मिलिलिटरला ५००० मायक्रोग्रॅम होते. त्यापुढे जायचं कारण नाही. इतका अर्क विरघळत नसेल तर विरघळेल तिथेच थांबा. मिश्रण पाच मिनिटं ठेवून प्रकाशासमोर धरा. तळाशी साका किंवा धागे दिसले तर ती मात्रा मोजणीतून काढा, कारण साका पेशींसोबत सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसतो आणि कितीही धुतला तरी प्लेटपर्यंत जातो. गाळण्यासाठी ०.२२ मायक्रॉनची पीटीएफई किंवा नायलॉनची चकती घ्या. सेल्युलोज ॲसिटेट किंवा नायट्रेटची चकती डीएमएसओत फुगते, विरघळते, आणि तिचे अंश अर्कात उतरतात. अर्क ऑटोक्लेव्ह करू नये.

मात्रा ठरवण्यासाठी आधी नुसती विषाक्तता पाहायची. ५०, १५०, ५००, १५००, ५००० अशा पायऱ्या पुरतात. गढूळपणा मोजून वाढ पाहणार असाल तर प्रत्येक मात्रेची पेशीविरहित नळी वेगळी ठेवा. हिरवा किंवा तपकिरी अर्क ६०० नॅनोमीटरवरही प्रकाश शोषतो, आणि काही अर्क वाढीच्या काळात हवेशी संयोग पावून गडद होत जातात. म्हणजे सुरुवातीला एकदा शून्य करून भागत नाही. माझा कल नेहमी कॉलन्या मोजण्याकडे असतो.

इथे एक गोष्ट फार लोकांना चकवते. तोच अर्क बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) पेशी मारतो आणि वायपीडी या यीस्टच्या नेहमीच्या पोषक माध्यमात निरुपद्रवी ठरतो. वायपीडीत लिटरला २० ग्रॅम पेप्टोन असतं, टॅनिन त्या प्रथिनाला चिकटतं आणि पेशींपर्यंत पोचतच नाही. म्हणून मुख्य उपचार ०.१ मोलर फॉस्फेट बफरमध्ये, पीएच ७ ला करायचा. अर्क घातल्यावर पीएच पुन्हा मोजा. आंबट फळांचे, सालींचे अर्क ५००० मायक्रोग्रॅमला साधा बफर सहज खाली ओढतात. तसं झालं तर सोडियम हायड्रॉक्साइडने परत ७ वर आणा आणि तशी नोंद करा.

उपचार असा: पेशी वायपीडीत रात्रभर वाढवा, सेंट्रिफ्यूज करून दोनदा निर्जंतुक पाण्याने धुवा, बफरमध्ये मिलिलिटरला १० कोटी इतक्या घ्या. अर्क घालून ३० अंशांवर शेकरवर २ ते ४ तास, अंधारात. एक नळी नुसत्या बफरची, एक १ टक्का डीएमएसओची, एक खात्रीच्या उत्परिवर्तकाची. त्यासाठी इथाइल मिथेनसल्फोनेट १ टक्का वापरता येतं. वेळ संपली की समान आकारमानाचं १० टक्के सोडियम थायोसल्फेट घालून ते निष्क्रिय करायचं. हे काम धूर ओढणाऱ्या कपाटातच, नायट्राइलचे हातमोजे घालून. डीएमएसओ त्वचेतून आत शिरतं आणि त्यात विरघळलेलं सोबत नेतं, म्हणून डीएमएसओतला उत्परिवर्तक हातमोज्यावर सांडला तर हातमोजा त्या क्षणी बदलायचा.

वाढत्या अवस्थेतल्या आणि वाढ थांबलेल्या पेशी दोन्ही तपासाव्यात, कारण त्या दोघी एकसारखं वागत नाहीत. वाढत्या पेशींची भिंत जास्त पाझरते. शिवाय २० टक्के ग्लुकोज असलेल्या माध्यमात वाढीच्या भरात असताना यीस्टचं स्वतःचं सायटोक्रोम पी४५० बऱ्यापैकी तयार होतं आणि काही पदार्थ पेशीच्या आतच सक्रिय होतात. वाढ थांबलेल्या पेशींमध्ये हे जवळजवळ नसतं. मग बाहेरून एस९ द्यावं लागतं, म्हणजे उंदराच्या यकृताचा ९००० जी वर फिरवून घेतलेला वरचा द्रव. तो एनएडीपी, ग्लुकोज-६-फॉस्फेट, मॅग्नेशियम आणि पोटॅशियमसह बर्फावर मिसळायचा आणि तासाभरात वापरायचा. खुळखुळ्यासारख्या वनस्पतींतली पायरोलिझिडिन अल्कलॉइडं यकृतात सक्रिय झाल्यावरच घातक होतात. अशी वनस्पती एस९ शिवाय तपासून सुरक्षित ठरवणं म्हणजे चाचणीच न करण्यासारखं आहे. एस९ सोबतच्या खात्रीच्या नळीत सायक्लोफॉस्फामाइड ठेवा. ते स्वतः निष्क्रिय असल्याने एस९ काम करतंय की नाही हेही कळतं. टॅनिन एस९ मधल्या प्रथिनांनाही गोठवतं, म्हणून एका नळीत अर्क आणि सायक्लोफॉस्फामाइड दोन्ही एकत्र घाला. तिथे कॉलन्या घटल्या तर अर्काने एस९ बंद पाडलं असण्याची शक्यता आधी विचारात घ्या.

उपचारानंतर दोनदा धुवायचं, तिसऱ्यांदा धुतलं तरी बिघडत नाही. मग प्लेटा. माध्यम सगळीकडे एकच: लिटरला ६.७ ग्रॅम अमिनो आम्लरहित यीस्ट नायट्रोजन बेस, २० ग्रॅम ग्लुकोज, २० ग्रॅम आगर आणि अवघं १० मिलिग्रॅम ॲडेनिन. पूर्ण माध्यमात ट्रिप्टोफॅन ५० मिलिग्रॅम आणि आयसोल्युसिन ६० मिलिग्रॅम, निवडक माध्यमात यातलं एक वगळलेलं. मूळ द्रवातले ०.१ मिलिलिटर आयसोल्युसिनरहित प्लेटवर, म्हणजे १ कोटी पेशी. दहापट पातळ करून ०.१ मिलिलिटर ट्रिप्टोफॅनरहित प्लेटवर, म्हणजे १० लाख. एक लाखपट पातळ करून ०.१ मिलिलिटर पूर्ण माध्यमावर, तिथे नियंत्रणात सुमारे १०० कॉलन्या येतील. प्रत्येक प्रकारच्या पाच प्लेटा, ३० अंश, अंधार. पूर्ण माध्यम चार-पाच दिवसांनी मोजा, रिव्हर्जनला सात दिवस द्या.

आता छेदाची गोष्ट. समजा अर्कात भरपूर टॅनिन आहे आणि त्याने पेशी मारल्या नाहीत, फक्त एकमेकींना चिकटवल्या, सरासरी चार-चारच्या गुच्छांत. पूर्ण माध्यमावर एका गुच्छाची एकच कॉलनी येते, म्हणून १०० च्या जागी २५. वहीत नोंद होते, ७५ टक्के पेशी मेल्या. आयसोल्युसिनरहित प्लेटवर नियंत्रणात २० कॉलन्या होत्या, इथेही २०च येतात. बदललेल्या पेशी इतक्या विरळ असतात की एका गुच्छात दोन सापडणं जवळपास अशक्य, त्यामुळे प्रत्येकीची कॉलनी वेगळीच मोजली जाते. नियंत्रणाचा दर १० लाखांमागे २. अर्काचा दर, २० भागिले २५ लाख, म्हणजे १० लाखांमागे ८. चौपट वाढ! मात्रा वाढवली की गुच्छ मोठे होतात, दर आणखी चढतो. दुपटीहून जास्त वाढ आणि मात्रेनुसार चढ, अर्क घातक ठरवायच्या दोन्ही अटी पूर्ण झाल्या. एकाही पेशीच्या डीएनएला धक्का न लागता अर्क जनुकांना घातक ठरला.

याची खूण ओळखता येते. निवडक प्लेटवरच्या कॉलन्यांची प्रत्यक्ष संख्या बदललेली नसते, फक्त पूर्ण माध्यमावरची घटते. आणि कन्व्हर्जन आणि रिव्हर्जन दोन्ही अगदी एकाच पटीने वाढतात. खरा उत्परिवर्तक असं क्वचितच करतो. कुठे कन्व्हर्जन जास्त चढतं, कुठे रिव्हर्जन, कारण इजेचा प्रकार वेगळा असतो. दोन्हींची पट सारखी आणि तीही जगलेल्या पेशींच्या घटीइतकीच दिसली की माझा पहिला संशय छेदावर.

खात्री करायला सूक्ष्मदर्शक पुरतो. उपचारापूर्वी आणि नंतर हिमोसायटोमीटरवर, म्हणजे पेशी मोजायच्या काचपट्टीवर, मोजा. एकट्या पेशी आणि कळी असलेल्या पेशी एका रकान्यात, तीन किंवा जास्त पेशींचे गुच्छ दुसऱ्या रकान्यात. सोबत ०.०१ टक्के मेथिलीन ब्लू. मेलेली पेशी निळी होते, जिवंत रंगहीन राहते. रंगाने ९० टक्के जिवंत म्हणताय आणि प्लेट २५ टक्के म्हणतेय, तर गुच्छ शोधा. धुण्याच्या पाण्यात ईडीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) घातलं की यीस्टचे कॅल्शियममुळे झालेले गुच्छ सुटतात, टॅनिनचे सुटत नाहीत. त्यांना अल्ट्रासॉनिक टबमध्ये १० ते १५ सेकंद धरावं लागतं, आणि तोच वेळ नियंत्रणालाही द्यावा लागतो. अर्क आधीच पॉलिव्हिनिल पॉलिपायरोलिडोनवर फिरवून टॅनिन काढून टाकता येतं. पण मग तो वेगळा अर्क झाला, त्याचा निकालही वेगळा लिहायचा.

अंशातल्या चुका याच्या उलट वाटेने येतात. वनस्पती-अर्कात स्वतःचं ट्रिप्टोफॅन आणि आयसोल्युसिन असतं. अंकुरलेल्या बियांत आणि कोवळ्या पानांत तर भरपूर. धुणं अपुरं पडलं की निवडक प्लेटवर न बदललेल्या पेशीही दोन-तीन वेळा विभागतात, मागे धुरकट थर दिसतो आणि त्या जादा विभागण्यांत नवे रिव्हर्टंट तयार होतात. एम्स चाचणीत हिस्टिडीनमुळे होतो तोच प्रकार. तपासायचं असेल तर नुसत्या बफरमध्ये ठेवलेल्या पेशी घ्या, शेवटच्या धुण्यातलं उरलेलं पाणी ०.१ मिलिलिटर त्यांच्यासोबत निवडक प्लेटवर पसरा. कॉलन्या वाढल्या तर धुण्याची पायरी वाढवायची. दुसरीकडे, आयसोल्युसिनरहित प्लेटवर द्रव पातळ न करता जातो आणि पूर्ण माध्यमावर लाखपट पातळ होऊन. राहिलेला अर्क पहिल्या प्लेटवर पेशी मारत राहतो, दुसऱ्या प्लेटवर त्याचा मागमूस नसतो. अशा वेळी खरा उत्परिवर्तकही निरुपद्रवी दिसतो, आणि ही चूक मला जास्त धोक्याची वाटते.

पॉलिफिनॉलचं आणखी एक. गॅलिक आम्ल, चहातली कॅटेचिनं यांसारखे पदार्थ हवेशीर, तटस्थ द्रवात आपोआप ऑक्सिडाइझ होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. यीस्टला इजा होते ती त्या पेरॉक्साइडमुळे. शरीरात तेवढा ऑक्सिजन आणि तशी परिस्थिती असेलच असं नाही. एक नळी कॅटलेज (पेरॉक्साइड तोडणारं एन्झाइम) घालून लावली की उत्तर मिळतं. परिणाम नाहीसा झाला तर तसं स्पष्ट लिहा.

लाल-गुलाबी कॉलन्यांसाठी वेगळा संयम लागतो. क्रॉसिंग ओव्हर दुर्मीळ असल्याने प्रत्येक मात्रेला काही हजार कॉलन्या डोळ्यांखालून घालाव्या लागतात. माध्यमात ॲडेनिन जास्त पडलं तर रंग येतच नाही, कारण ज्या ॲडेनिन बनवण्याच्या मार्गातून लाल रंग येतो तो मार्गच पेशी बंद करते. मोजण्यापूर्वी प्लेटा एक-दोन दिवस ४ अंशांवर ठेवल्या की रंग गडद होतो. आणि श्वसन बिघडलेल्या, म्हणजे पेटीट पेशी एडीई२ बिघडला तरी लाल होत नाहीत. मायटोकॉन्ड्रियाला मारणारा अर्क त्यामुळे क्रॉसिंग ओव्हर लपवू शकतो. लहान कॉलन्या वाढल्यासारख्या वाटल्या तर प्लेटवर ट्रायफिनाइल टेट्राझोलियम क्लोराइड मिसळलेलं कोमट आगर ओता. श्वसन करणारी पांढरी कॉलनी लाल होते, पेटीट पांढरीच राहते. मायटोकॉन्ड्रियाची इजा ही स्वतःच एक महत्त्वाची नोंद आहे. ती वगळू नये.

सगळं अंधारात करायला सांगितलं खरं, पण काही वनस्पतींचा मुद्दाच प्रकाशाचा असतो. बावचीतलं सोरालेन अंधारात सौम्य असतं, अतिनील-ए पडलं की डीएनएच्या दोन पट्ट्या एकमेकींना जोडून टाकतं. अशा वनस्पतीसाठी प्रकाशासह आणि प्रकाशाविना, असे दोन संच लागतात.

इजा आहे असं दिसलं तर ती कोणत्या जातीची, हे कळायला एकेक जनुक काढलेले वाण उपयोगी पडतात. मूळ वाण आणि त्याचे रॅड५२, रॅड१४, याप१, पीडीआर५ नसलेले भाऊ घ्या. दहादहापट पातळ करत प्रत्येकाचे ५ मायक्रोलिटरचे ठिपके अर्क मिसळलेल्या आगरवर द्या, अर्क आगर ५० अंशांपर्यंत उतरल्यावर घाला. रॅड५२ नसलेला वाणच मरत असेल तर दोन्ही पट्ट्या तुटण्याकडे बोट दाखवता येतं. रॅड१४ नसलेला मरत असेल तर डीएनएला चिकटून होणाऱ्या इजेकडे, याप१ नसलेला मरत असेल तर ऑक्सिडेशनकडे. पीडीआर५ हा अर्क बाहेर फेकणारा पंप. तो नसताना परिणाम दिसला तर मूळ वाणात पदार्थ आत टिकतच नव्हता. नरक्यातलं कॅम्प्टोथेसिन हे याचं सुरेख उदाहरण. ते टोपोआयसोमरेज १ ला डीएनएवर अडकवतं. त्यामुळे रॅड५२ नसलेला वाण कोलमडतो, आणि टीओपी१ हे जनुकच काढून टाकलं तर यीस्टवर काही परिणाम होत नाही. विषाचा नेमका पत्ता इतक्या सरळपणे क्वचित मिळतो. मात्र रॅड५२ नसलेला वाण मुळातच हळू वाढतो, म्हणून अर्काविना ठिपक्यांची प्लेट शेजारी ठेवूनच वाचा.

डी७ मिळत नसेल तर एकगुणित वाणात कॅन१ वापरता येतं, म्हणजे आर्जिनिन पेशीत नेणाऱ्या वाहकाचं जनुक. आर्जिनिनसारखं दिसणारं विषारी कॅनाव्हानिनही त्याच वाहकातून आत शिरतं. आर्जिनिनरहित माध्यमात लिटरला ६० मिलिग्रॅम कॅनाव्हानिन, आणि ज्यांचं कॅन१ बिघडलं त्याच पेशी वाढतात. उपचारानंतर लगेच प्लेटवर टाकू नका. पेशीच्या पृष्ठभागावरचा जुना वाहक विरळ व्हायला वायपीडीत दोन-तीन विभागण्या होऊ द्या. शेंगवर्गीय वनस्पती तपासताना इथे अर्कातलं आर्जिनिनही अडथळा आणतं आणि काहींमधलं त्यांचं स्वतःचं कॅनाव्हानिनही.

यीस्टला न दिसणारं बरंच आहे. कळलावीतलं कोल्चिसिन माणसाला मारतं, कारण ते ट्युब्युलिनला बांधून पेशीविभाजन थांबवतं. यीस्टचं ट्युब्युलिन कोल्चिसिनला जवळजवळ बांधतच नाही. कळलावीचा अर्क या चाचणीत निर्धोक दिसला तर त्याचा अर्थ काहीच नाही. उलट बाजूलाही सावध राहावं. क्वेर्सेटिन एम्स चाचणीत स्पष्ट उत्परिवर्तक ठरतं, तरी माणसात कर्करोग करतं असं ठरवण्याइतका पुरावा मिळालेला नाही. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने यीस्टवरच्या चाचण्यांची मार्गदर्शक तत्त्वं, क्रमांक ४८० आणि ४८१, १९८६ मध्ये स्वीकारली आणि २०१४ मध्ये वगळली. त्यामुळे औषधाच्या मंजुरीसाठी या निकालावर विसंबता येत नाही, तिथे एम्स आणि सूक्ष्मकेंद्रक चाचणी लागते. यीस्टचं मोल आहे ते आधीच्या चाळणीत आणि इजा कशी होते हे शोधण्यात.

अर्क इजेपासून वाचवतो असा दावा करायचा असेल तर अर्क उत्परिवर्तकाच्या आधी, सोबत आणि नंतर, असे तीन वेगळे संच लावा. फक्त सोबत दिल्यावरच बचाव दिसला, तर बहुधा नळीतच अर्काने उत्परिवर्तकाशी रासायनिक संयोग केला आहे. पेशीची दुरुस्ती सुधारली असं त्यावरून म्हणता येत नाही.

निकाल देताना नुसते दर छापू नका. प्रत्येक मात्रेला प्रत्येक प्लेटवरच्या कॉलन्यांची मूळ संख्या, पूर्ण माध्यमावरची आणि निवडक माध्यमावरची, शेजारी शेजारी द्या. तीन वेगवेगळ्या दिवशी, नव्याने वाढवलेल्या पेशींवर केलेले प्रयोग वेगळे दाखवा. एकाच दिवशीच्या पाच प्लेटा म्हणजे पाच प्रयोग नव्हेत. जगलेल्या पेशी १० टक्क्यांखाली गेल्या असतील तर त्या मात्रेवरून जनुकीय इजेचा निष्कर्ष काढू नका. आणि गुच्छांच्या मोजणीचा रकाना कोष्टकात असू द्या, त्यात सगळीकडे शून्य आलं तरीही.